दया आणि हक्क

पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते. पण तिचे पाणी खाली केज-लातूरकडे जाते आणि दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातील माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. खिळखिळ्या झालेल्या राज्याला कोणती मदत उभी करते, या प्रश्नाचा विचार येथूनच करायला हवा.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनने निजामाची राजवट संपली. रझाकारांनी हिंदू गावांवर जुलूम केले होते. त्याचा सूड पुढे निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. अधिक होरपळलेल्या आठ जिल्ह्यांत बीड होता. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. हे आवश्यकच होते. परंतु निजामी फौज आणि जहागिरीच्या कचेरीवर पोट असलेली आपली कित्येक कुटुंबे उघड्यावर पडली. त्यांच्यासाठी पर्यायी रोजगाराचा विचार फारसा झालाच नाही.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिने जीव वाचवले, हे मान्य करावेच लागेल. पण माणसाला ताठ उभे केले ते रोजगार हमीने. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. पैसाही बाहेरून आला नाही. १९७५ पासून शहरातील पगारदारांच्या व्यवसाय करातून आणि सरकारच्या तेवढ्याच वाट्यातून तो उभा राहिला. हजेरीपटावर नाव घालताना अट एकच होती, अंगमेहनतीची तयारी. जात किंवा मजहब ही अट नव्हती. २००५ मध्ये देशाने हेच तत्त्व कायद्यात स्वीकारले.

अफगाणिस्तानात वीस वर्षे परदेशी पैशाचा ओघ होता; तरी ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सरकार पाहता पाहता कोसळले. बाहेरच्या पैशावर सरकार चालते. लोकांचा विश्वास मात्र त्याने विकत घेता येत नाही. ज्या सरकारकडे आपण हक्काने काम मागू शकतो, तेच सरकार आपले वाटते.

मात्र हमीचे काम संपले की पाटोद्याचा मजूर पुन्हा मुकादमाच्या दारात उभा राहतो. हक्क मिळाला, त्याला पाण्याची जोड मिळायची राहिली.