एक मिलिमीटरची श्रीमंती

तर झालं असं, की मागचे तीन विकांत मी एका गाडीला चांदी चढवण्यात घालवले. गाडी १९५७ सालची शेवरोले बेल एअर, लांबी जेमतेम वीस सेंटिमीटर. म्हणजे १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं किट. सोमवारी हापिसात कोणी "वीकेंडला काय केलंस?" असं विचारलं की मी "काही नाही, घरीच" म्हणून मोकळा होतो. अठ्ठावीस वर्षांचा माणूस टूथपिकने खेळण्यातल्या गाडीवर चमकी घासत बसतो, हे स्टँड-अप मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

अशा किटमध्ये बंपर आणि जाळी आधीच चमकणारी येते. प्लॅस्टिकवर निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. पण खिडक्यांच्या कडा, दारावरून मागे जाणारी लांब पट्टी, बॉनेटवरची अक्षरं या सगळ्या गोष्टी बॉडीवर नुसत्या उठवलेल्या रेघा असतात. त्या चमकवायचं काम आपलं. चंदेरी रंग लावला तर तो चांदीसारखा दिसत नाही, राखाडी दिसतो. म्हणून मग फॉइल. मिशिगनमधली एक कंपनी ‘बेअर-मेटल फॉइल’ नावाने कागदावर चिकटवलेले पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे विकते, आणि जगभरचे हौशी लोक तेच वापरतात. मित्र ऑनसाइट गेला होता, त्याच्याकडून दोन मागवले.

कृती ऐकायला सोपी आहे. पट्टीपेक्षा थोडा रुंद तुकडा कापायचा, अलगद ठेवायचा, टूथपिकने आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने घासत घासत रेघेच्या कडेत बसवायचा. मग कोरं करकरीत ब्लेड घेऊन कडेने फिरवायचं आणि जास्तीची फॉइल उचलून काढायची. ब्लेडवर जोर द्यायचा नाही, त्याचं वजनच पुरतं. ब्लेड किंचितही बोथट असेल तर फॉइल कापली न जाता फाटते. अक्षरांसाठी एक झकास युक्ती आहे: रंग मारायच्या आधीच अक्षरांवर फॉइल लावायची, वरून गाडी रंगवायची, आणि मग थिनरमध्ये जेमतेम ओली केलेली काडी अक्षरांच्या माथ्यावरून फिरवायची. रंग निघतो, खालून धातू वर येतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच घरात "वा!" असं मोठ्याने म्हणालो.

अर्थात त्याआधी माती खाल्लीच होती. रंग पुरता वाळायच्या आत फॉइल लावली, आणि जास्तीची उचलताना दारावरचा रंगही सोबत आला. पुन्हा घासा, पुन्हा रंगवा. एक विकांत पाण्यात.

खरी गाडीची पट्टी साधारण इंचभर रुंद, म्हणजे १/२५ मध्ये एक मिलिमीटर. ही एक मिलिमीटरची रेघ नक्की कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे बघायला मी जुने फोटो काढले, आणि गोंधळात पडलो. प्रत्येक फोटोत पट्टी वेगळी. साल तेच, गाडी तीच, पत्र्याचा आकार तोच. मग जरा वाचलं.

१९५७ ची शेवरोले तीन नावांनी मिळायची: वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर. तिघींचा सांगाडा एकच. दोन हजार डॉलरच्या आतबाहेर सर्वांत साधी वन-फिफ्टी यायची, आणि दोन दारांची, मध्ये खांब नसलेली बेल एअर साधारण २३०० डॉलरला. आतली गादी, गालिचा वगैरे फरक होताच, पण तो बसणाऱ्याला दिसणार. रस्त्यावरच्या माणसाला फरक सांगायचं काम पट्टीकडे. बेल एअरला बाजूवर दोन पट्ट्या मागे जाताना फाकत जातात आणि त्यांच्या मधल्या पाचरीत बारीक रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. टू-टेनला पाचर आहे, पण पत्रा नाही, तिथे नुसता रंग. वन-फिफ्टीला पाचरच नाही. खिडकीखालून उतरणारा एक छोटा तुकडा आणि तिथून मागे जाणारी एक रेघ, बस्स. आणि आता गंमत बघा. वन-फिफ्टीची ही रेघ म्हणजे जवळजवळ तीच, जी दोन वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, बेल एअरच्या मागच्या अंगावर होती. १९५५ ची श्रीमंती १९५७ मध्ये गरिबाच्या गाडीवर! ज्याने १९५५ ची बेल एअर घेतली होती त्याला दोन वर्षांनी सिग्नलला शेजारी कंपनीची किंवा पोलिसांची वन-फिफ्टी उभी दिसली, तर काय वाटलं असेल?

हे अपघाताने झालेलं नव्हतं. जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन याने १९२० च्या दशकातच ओळखलं होतं, की गाडी चालते म्हणून लोक ती बदलणार नाहीत. जुनी दिसली तर बदलतील. १९२७ मध्ये त्याने हार्ली अर्लला आणून खास रूपरंगाचा विभाग काढला. त्याच सुमारास क्रोम आलं. त्याआधी गाड्यांवर निकेल असायचं, ते पिवळट पडायचं, सारखं पुसावं लागायचं. क्रोम काळं पडत नाही. वर्षावर्षाला नवा पत्रा ठोकायचा तर साचे बदलायला प्रचंड खर्च. पट्टी बदलायला त्या मानाने काहीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोअर तेच, फक्त वरची स्किन नवी, आणि व्हर्जन नंबर वाढवला. :)

मध्ये कोरियाचं युद्ध आलं. क्रोमला चकाकी आणि टिकाऊपणा खरं तर खालच्या निकेलच्या थराने येतो, आणि निकेल शस्त्रास्त्रांना हवं होतं. अमेरिकन सरकारने त्यावर बंधनं घातली. १९५१ ते १९५३ या काळातल्या कित्येक गाड्यांवर निकेलशिवाय पातळ क्रोम चढलं आणि ते लवकर गंजलं. बंधनं उठल्यावर मात्र उपाशी माणूस पंक्तीला बसावा तसं झालं. १९५८ च्या ब्यूकच्या जाळीवर क्रोमचे १६० चौकोन आहेत. त्याच वर्षीच्या ओल्ड्समोबीलच्या मागच्या अंगावर समांतर पट्ट्या इतक्या, की फोर्डकडचा डिझायनर अ‍ॅलेक्स ट्रेमुलिस याने त्यांच्यावर संगीताचे सूर काढून दाखवले, अशी गोष्ट सांगतात. नेमकी त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली आणि अर्लही निवृत्त झाला.

आमच्या छंदाचा जन्मही याच भानगडीत आहे. एएमटी, म्हणजे ‘अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’, ही डेट्रॉइटकडची कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली ती शोरूमसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करायला. गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात ती ठेवली की अर्धं काम झालं. १९५८ मध्ये त्यांनी हेच साचे वापरून जोडायची किटं काढली. एकाच डब्यातून तीन प्रकारच्या गाड्या करता येतील अशी: कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मनासारखी ‘कस्टम’. यातली तिसरी मजेशीर. कॅलिफोर्नियातली पोरं तेव्हा खऱ्या गाड्यांवरचं क्रोम चक्क उपटून काढायची, भोकं शिशाने बुजवायची आणि वरून एकसंध रंग मारायची. गाडी कितीची आहे हे कळूच नये म्हणून? तसं लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही, पण मला तसंच वाटतं.

आता इंजिनियरची खाज. खऱ्या बंपरवर क्रोमचा थर असतो पाव ते अर्धा मायक्रॉन. त्याला २५ ने भागलं तर दहा-वीस नॅनोमीटर, म्हणजे मापात राहायचं तर माझ्या मॉडेलवर चाळीस ते ऐंशी अणूंचा थर हवा. स्वयंपाकघरातली फॉइलच दहा-पंधरा मायक्रॉनची असते. मॉडेलवाल्यांची कितीही पातळ म्हटली तरी खऱ्या क्रोमपेक्षा ती जाडच. शिवाय बेल एअरच्या बाजूच्या पट्ट्या मुळात क्रोमच्या नाहीतच, त्या स्टेनलेस स्टीलच्या. क्रोम बंपरला. आणि पाचरीतला पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. म्हणजे माझ्या अख्ख्या गाडीवर जिथे खरा धातू खऱ्या धातूच्या जागी बसला ती जागा एकच, ती पाचर. तिथे मी दीड तास दिला.

असो. हे सगळं इतकं मनावर का घेतलं, तेही सांगतो.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९२८ ते १९५४ तिथे सुटे भाग आणून शेवरोले जोडल्या जायच्या. नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवा असं सरकारने म्हटल्यावर ते निघून गेले. त्यामुळे १९५७ ची शेवरोले शिवडीत जोडली गेलीच नाही. आमच्या घरात तर शेवरोले फक्त हिंदी सिनेमातल्या इम्पालाच्या रूपात आली. आमची गाडी म्हणजे बाबांनी २००६ मध्ये सेकंडहँड घेतलेली मारुती ८००. पांढरी, स्टँडर्ड, एसी नाही. घेतल्यावर पहिल्याच रविवारी बाबा मला घेऊन कार डेकोरवाल्याकडे गेले आणि दोन्ही बाजूंना क्रोमच्या पट्ट्या लावून आणल्या. डबल टेपवर चिकटवलेल्या. आई म्हणाली, "एवढ्यात पंखा आला असता." बाबा नुसते हसले. त्या पावसाळ्यात डाव्या मागच्या दारावरची पट्टी सुटायला लागली. बाबा रोज निघताना अंगठ्याने ती दाबायचे.

मी आठवीत गेल्यावर मला त्या पट्टीची लाज वाटायला लागली. एसी नसल्याची नाही, पट्टीची. वर्गातल्या मुलांच्या घरी टॉप मॉडेलं होती आणि खरी पट्टी कुठली, चिकटवलेली कुठली हे त्यांना बरोबर कळायचं. "मला कोपऱ्यावरच सोडा" असं मी सांगायचो. बाबांनी कारण कधी विचारलं नाही. गाडी २०१४ मध्ये विकली तेव्हा पट्टी नव्हती, डिंकाचा काळपट माग तेवढा होता.

गेल्या महिन्यात मी स्वतःची पहिली गाडी बुक करायला गेलो. सेल्समनने टॅबवर बेस आणि टॉप शेजारी शेजारी ठेवले. खिडकीखालून जाणाऱ्या क्रोमच्या रेघेवर माझी नजर आधी गेली, एअरबॅगच्या ओळीवर नंतर. स्वतःला पकडलं, पण गेली हे खरं.

बेल एअर पूर्ण झाली, चांगली झाली. तिच्यानंतर मी वन-फिफ्टी घेतली. रेव्हेलने ‘ब्लॅक विडो’ नावाने तिचं किट काढलंय. सर्वांत स्वस्त आणि हलकी, म्हणून १९५७ च्या मोसमात नॅसकारच्या शर्यतींसाठी हीच गाडी निवडली गेली होती, काळ्या-पांढऱ्या रंगात. मी शर्यतीचे आकडे लावले नाहीत. साधी पांढरी ठेवली. फॉइल बेल एअरच्या निम्मीही लागली नाही.

परवा बाबा आले होते. दोन्ही गाड्या टेबलावर शेजारी होत्या. त्यांनी चष्मा वर केला, बेल एअर नुसती बघितली आणि वन-फिफ्टी उचलली.

"ही बेस का रे?"

"हो."

त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, मागच्या टोकाशी थांबून जरा दाबला. "इथून सुटेल ही," म्हणाले.

खरंच, त्या टोकाला कड थोडी उचललेली होती. मी कापसाची काडी आणायला उठलो.