रात्रीचा फोटो रात्रीसारखा दिसण्यासाठी

नाइट मोडमध्ये पणत्यांचा फोटो काढला की अंगण संध्याकाळी पाचला असावं तसं उजळतं. फोन अनेक फ्रेम्स जोडून अंधार उचलतो, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स ज्योतीचा पिवळेपणा कमी करतो. खरंतर पणतीचा प्रकाश साधारण १९०० केल्विनचा, म्हणजे चांगलाच नारिंगी.

स्नॅपसीडमध्ये ‘ट्यून इमेज’ उघडा. आधी शॅडोज बरेच खाली आणा (अंधारातला नॉइजही लपतो), मग वॉर्म्थ थोडी वाढवा. आकाश काळंच राहू द्या, ते काळंच होतं! ज्योत पूर्ण पांढरी पडली असेल, तर जेपीईजीमधून तिचा रंग परत येत नाही. म्हणून फोटो काढतानाच ज्योतीवर टॅप करून एक्स्पोजर कमी करा.

आणि एडिट केलेली कॉपी वेगळी सेव्ह करा. आजीचा पणती लावतानाचा फोटो मी मूळ फाइलवरच सेव्ह करून बसलोय.