एका काडतुसाचे पुस्तक

अमेरिकेतील अनेक नेमबाज गोळी झाडल्यावर उरलेली पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ते ती पुन्हा वापरतात. दारू किती घालायची, हे छापील कोष्टकात पाहायचे. यातली काही पुस्तके एकाच काडतुसाला वाहिलेली असतात. उदाहरणार्थ, अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले '.३०-०६'. एका काडतुसासाठी अख्खे पुस्तक कशाला?

काळी दारू मापाने मोजून भरत. थोडे कमीजास्त झाले तरी बहुधा भागत असे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू तयार केली. ती बरीच अधिक शक्तिमान होती. शिवाय दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. मग पुंगळीची पोकळी, गोळीचे वजन, ती किती आत बसवली, या सगळ्याला महत्त्व आले. एका काडतुसाचा आकडा दुसऱ्याला लावला तर बंदूकच फुटायची!

हा दाब मोजायचा कसा? १८६० च्या सुमारास अँड्र्यू नोबलने तांब्याचा लहानसा दंडगोल वापरला. तो किती चेपला, त्यावरून दाब ठरे. पुढे दाबाने विद्युतभार निर्माण करणारे स्फटिक आले. तांबे चेपायला वेळ लागतो, स्फटिक जवळजवळ तत्क्षणी उत्तर देतो. आता गंमत पाहा. अमेरिकी मानकांनुसार .३०-०६ ची कमाल मर्यादा तांब्याच्या एककात ५०,०००, तर '.२२३ रेमिंग्टन'ची ५२,००० आहे. स्फटिकाने मोजल्यास मात्र त्या अनुक्रमे ६०,००० आणि ५५,००० पौंड प्रति चौरस इंच होतात. क्रमच उलटला! म्हणजे एका मापाला ठरावीक संख्येने गुणून दुसरे मिळवता येत नाही.

एका काडतुसाच्या पुस्तकात निरनिराळ्या उत्पादकांची कोष्टके शेजारीशेजारी असतात आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. त्यात कोणी चुकलेले असतेच असे नाही. प्रत्येकाची नळी वेगळी, दारूचा घाणा वेगळा, उपकरण वेगळे. म्हणूनच सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करा, अशी ताकीद तिथे असते.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे लोकही कोष्टकातला आकडा असाच वाचतो: कशाचा, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत मोजलेला? वर्गात दोन मुलांची उत्तरे जुळली नाहीत, तर 'बरोबर कोण?' याआधी हाच प्रश्न विचारायला हवा.