जुनी डिझेल लक्झरी सेडान थेट ग्राहकाला विकताय? चावी दिली म्हणजे व्यवहार संपला असं नाही

मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सीरिज, ऑडी ए६. नवी असताना यांची किंमत ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. दहा-बारा वर्षांनी मात्र त्या मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात विकल्या जातात. डीलर स्वतःचा नफा धरून आणखी कमी भाव सांगतो. म्हणून गाडी नीट सांभाळलेले अनेक मालक थेट ग्राहक शोधतात. यात चार पैसे जास्त मिळतात, पण कागदपत्रांची जबाबदारीही मालकावरच येते.

भाव इतका का पडतो?

पहिलं कारण म्हणजे खर्चाची भीती. इंजेक्टर, टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शनचं एक मोठं काम निघालं, तरी बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

दुसरं कारण दिल्लीतलं. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिथल्या अनेक गाड्या मग इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. महाराष्ट्रात तसा १० वर्षांचा नियम नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते आणि पर्यावरण करही भरावा लागतो.

चांगल्या गाडीचा चांगला भाव कसा मिळेल?

'एकदम टकाटक गाडी आहे' या वाक्यावर कुणी पैसे देत नाही, पुराव्यावर देतो. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेनुसार लावून ठेवावीत. गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची नोंद, स्कॅनरचा ताजा रिपोर्ट आणि दोन्ही चाव्या तयार असाव्यात. ग्राहक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नये. थंड इंजिन कसं सुरू होतं, हे जाणकार ग्राहक मुद्दाम पाहतो.

कोणते कागद लागतात?

• फॉर्म २९ आणि ३०: मालकी हस्तांतरणासाठी.
• फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी: आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर.
• फॉर्म २८: गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर.
• चालू विमा आणि पीयूसी.

त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पैसे बँकेतूनच घ्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

नाव बदललं नाही तर?

खरा धोका इथेच आहे. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकदा विकली गेली, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं. नंतर अपघात झाला. ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याने मालक, असं सांगत न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर टाकली.

म्हणून गाडी देताना तारीख आणि वेळ लिहिलेल्या डिलिव्हरी नोटवर ग्राहकाची सही घ्यावी आणि फास्टॅग बंद करावा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो नव्या गाडीसाठी राखून ठेवण्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्यावं. शेवटी एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहावं. आरसीवरचं नाव बदललेलं दिसलं, की गाडी खऱ्या अर्थाने विकली गेली.