मृदंगाचा गजरा

पखवाजाला आपण वारकरी मृदंग म्हणतो. मृद् म्हणजे माती. नदीकाठची माती लेपून वाद्य सुरात आणण्याचा विधी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहे. पुढे मातीच्या जागी धुमेवर कणीक आली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर लिहिला. त्याचा वाद्याध्याय पटह, मर्दल, हुडुक्का अशा चर्मवाद्यांचा तपशीलवार विचार करतो. ज्ञानेश्वरी 1290 ची. म्हणजे माउलींच्या आधीपासून चामडे कसे ताणावे हा आपल्या मुलखात शास्त्राचा विषय होता.

पुडीच्या काठाशी चामड्याची वेणी असते, तो गजरा. त्यातून वादी ओवून दोन्ही तोंडे एकमेकांना बांधतात. वादीखाली लाकडी गठ्ठे. मोठा फरक असेल तर गठ्ठा ठोकायचा, बारीक असेल तर गजऱ्यावर हातोडी. वरून ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो. गजऱ्याची सोळा घरे एकेक वाजवून ऐकावी लागतात. एक घर उतरले तरी शाईचा नाद फाटतो. हाताला मात्र हा काठ मायाळू. रात्रभर जागराला वाजवा, तळहाताची कड दुखत नाही.

आता नटबोल्टचा मृदंग आला. लोखंडी आकडे, टोकाला आटे, हातात पाना. आषाढात वारी म्हणजे पाऊस आलाच. दमट हवेत कातडे सैल पडते, आणि दिंडी चालत असताना गळ्यातल्या मृदंगाचे गठ्ठे कोण ठोकत बसणार? तिथे पाना दोन मिनिटांत काम करतो. पेटीवाल्याने पट्टी बदलली तरी सोय होते. म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. पण वजन वाढते, आणि द्रुत लयीत बोट लोखंडावर आपटले की नख काळे पडते. शिवाय एकच बोल्ट पिळत राहिले तर पुडी एकीकडे ओढली जाते. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळावेत, हे दुकानदार क्वचित सांगतो.

दिमडी, हलगी यांना यातले काहीच नाही. कातडे कड्यावर घट्ट बसवलेले. विस्तवाची धग हाच त्यांचा हातोडा.

माझे मत विचाराल तर दिंडीत बोल्ट चालेल, फडावरच्या कीर्तनात वादीचाच मृदंग हवा. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कितीतरी मुले तिथे मृदंगावर बसली. हल्ली पाना हाती घेतलेली मुले भेटतात, पण ती मोबाईलमधल्या काट्याकडे बघून सूर लावतात. अशा मुलाला मी आधी डोळे मिटून सोळा घरे वाजवायला सांगतो. कुठले घर उतरले ते त्याने बोटाने दाखवायचे. मग पाना घ्यावा, नाहीतर हातोडी.

आणि कीर्तन संपले की धुमेची कणीक खरवडून काढा. रात्रभर राहिली तर उंदीर पुडी कुरतडतात.