मुद्गलाचा फेरा आणि गोल्फचा स्विंग

मुद्गल म्हणजे वर मुठीपुरती बारीक आणि खाली जाड होत जाणारी, एकाच लाकडात घडवलेली व्यायामाची जड दांडी. हिंदीभाषक मुलखात तिला मुगदर म्हणतात, मराठी तालमींत मुद्गलाच्या जोडीने करेल नावाचे तसेच साधनही फिरवले जाते. या साधनात वजन मुठीपासून दूर, खालच्या बुंध्यात असते. सरळ उचलायला मुद्गल फारसे अवघड नसते, पण फिरवू लागताच तेच वजन हाताला ओढू लागते. ही ओढ कह्यात ठेवून तिचाच उपयोग करून घेणे, हा मुद्गलविद्येचा गाभा आहे. गोल्फमध्ये चेंडू लांब मारण्यासाठी स्विंग शिकवला जातो, तेव्हा शिक्षकाला नेमकी हीच गोष्ट विद्यार्थ्याच्या अंगात उतरवायची असते. दोन्हींचा इतिहास वेगळा असला, तरी शरीरशास्त्र एकच आहे.

मल्लांच्या व्यायामाची लेखी परंपरा मराठी मुलखाच्या सीमेवर जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचा आहार, त्यांचे वर्ग आणि डाव यांच्याबरोबर वजनाचे व खांबावरचे श्रम त्यात सांगितले आहेत. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मारुतीची ठाणी स्थापन केली आणि बलोपासनेला धर्माचे अधिष्ठान मिळाले. हातात गदा घेतलेला मारुती प्रत्येक तालमीचे दैवत झाला. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शास्त्रशुद्ध वळण दिले. त्यांच्या शिष्यपरंपरेमुळे ही व्यायामपद्धती महाराष्ट्राबाहेरही पोचली.

तालमीत मुद्गल शिकवण्याचा क्रम ठरलेला असतो. पाय खांद्यांच्या रुंदीइतके फाकवून, गुडघे किंचित सैल ठेवून उभे राहायचे. मुद्गल खांद्याशी उभे धरायचे, बुंधा वर आणि मूठ छातीसमोर. मग कोपर उचलून मुद्गल खांद्यावरून पाठीमागे सोडायचे. ते पाठीवरून लंबकासारखे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि तेथून हात डोक्यावरून फिरवून पुन्हा पुढे आणायचा. नवशिक्याची चूक बहुधा एकाच जागी होते. मुद्गल पाठीमागे पूर्ण उतरण्याआधीच तो दंडाच्या जोराने ते ओढू पाहतो. वजन अजून खाली जात असते आणि हात वर खेचत असतो. त्यामुळे खांद्याला हिसका बसतो, कंबर पुढे जाते आणि पाठीला बाक येतो. म्हणून मुद्गलाला आधी पाठीमागे पुरते जाऊ द्यावे लागते. वळणाच्या क्षणी पायांनी जमीन दाबून कंबरेने सुरुवात केली, की मुद्गल जवळजवळ आपल्याच वेगाने वर येते. सुरुवात हलक्या मुद्गलाने करायची, दोन्ही हातांना सारखा सराव द्यायचा, श्वास कोंडायचा नाही आणि हालचाल स्वच्छ झाल्यावरच वजन वाढवायचे, हे त्यातले मूलभूत नियम.

हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम पाहिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो इंग्लंडला नेला. डोनाल्ड वॉकर यांच्या 1834 सालच्या ‘ब्रिटिश मॅनली एक्सरसाइजेस’ या पुस्तकात ‘इंडियन क्लब’ या नावाने मुद्गलाचे व्यायाम आहेत. पुढे न्यूयॉर्कच्या सिम केहो यांनी असे क्लब बनवून विकले आणि 1866 मध्ये त्यांवर पुस्तक काढले. पश्चिमेत मुद्गलाचे वजन बरेच उतरले, तालमीतल्या जड लाकडाच्या जागी शाळकरी मुलामुलींना झेपतील असे हलके क्लब आले. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा एडवर्ड हेनिग यांनी जिंकली, तर 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॉर्ज रॉथ यांनी. ऑलिंपिकमधली ही स्पर्धा पुढे बंद झाली, पण तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये क्लब हे साधन आजही आहे.

पश्चिमेत हे घडत असताना मराठी समाजात देशी व्यायामाला नवे संस्थात्मक रूप येत होते. बडोद्यात वस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले. अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायामज्ञानकोश’ प्रसिद्ध होऊ लागला. तोंडी चालत आलेली विद्या त्याच्या दहा खंडांत छापील रूपात आली. वस्तादाच्या डोळ्यांसमोर शिकायची गोष्ट पुस्तकातून पूर्ण शिकता येत नाही, पण ती विसरली जाऊ नये, याची तजवीज या पिढीने केली.

गोल्फ हिंदुस्थानात इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, तर मुंबईत हा खेळ 1842 मध्ये सुरू झाला. मैदानावर खेळाडूंच्या पिशव्या उचलणाऱ्या कॅडींना क्लबचे सभासदत्व नव्हते आणि शिक्षकही नव्हता. चांगल्या खेळाडूंचे स्विंग पाहून आणि मिळेल त्या काठीने सराव करून त्यांच्यातले काही जण व्यावसायिक खेळाडू झाले. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून काम केलेल्या अली शेर यांनी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. पाहून शिकण्याची ही रीत तालमीतल्या शिक्षणाच्या फार जवळची आहे.

स्विंगमधली ताकद कोठून येते, याचे उत्तर गोल्फमध्येही सावकाश सापडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचा, दांडा हिकरीच्या लाकडाचा असे. जोराने फिरवला की तो वाकतो आणि पीळही घेतो, म्हणून खेळाडूला हातांची आणि मनगटांची वेळ फार काळजीने जुळवावी लागे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924 मध्ये, तर स्कॉटलंडच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 1929 मध्ये पोलादी दांड्याला मान्यता दिली. पोलादी दांडा पीळ कमी घेत असल्यामुळे पाय आणि धडाच्या मोठ्या स्नायूंचा जोर निर्धास्तपणे वापरता येऊ लागला. गोल्फपटू बायरन नेल्सन यांनी याच दांड्याशी जुळणारा स्विंग घडवला. दुसरे गोल्फपटू बेन होगन यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले, की क्लब खाली आणण्याची सुरुवात कंबरेने होते, हातांनी नव्हे.

1968 मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासावर आधारलेले ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचे पुस्तक आले. त्यात स्विंग हा दोन जोडलेल्या लंबकांसारखा समजावून दिला आहे. खांद्याभोवती फिरणारा हात हा पहिला लंबक, मनगटाभोवती फिरणारा क्लब हा दुसरा. हात खाली येताना मनगटाचा कोन टिकून राहिला आणि शेवटी उलगडला, तर क्लबच्या टोकाला सर्वाधिक वेग मिळतो. कोन आधीच सुटला, तर दंड कितीही दणकट असला तरी वेग वाया जातो. नंतरच्या मोजमापांतून शरीराचा क्रमही दिसला. आधी पाय जमीन दाबतात, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या भागाला देऊन स्वतः मंदावतो. क्लबचे टोक चेंडूला सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढाच वेळ स्पर्श करते, म्हणून त्या क्षणी जास्त जोर लावण्याला अर्थ नसतो. जो वेग कमवायचा तो त्याआधी. क्लबच्या टोकाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेगात झालेली थोडीशी वाढही अंतरात चांगली दिसते.

मुद्गल फिरवणाऱ्याला हा क्रम नवा नाही. पाठीमागे जाऊ देणे, वळणावर घाई न करणे, कंबरेने सुरुवात करणे आणि हाताने केवळ दिशा देणे, या चारही गोष्टी दोन्हीकडे आहेत. मात्र मुद्गल फिरवल्याने गोल्फचा स्विंग आपोआप येतो, असे समजू नये. मुद्गल काही किलोचे आणि संथ, तर गोल्फमधला ड्रायव्हर हा क्लब साधारण 300 ग्रॅमचा. व्यावसायिक खेळाडूच्या हातात त्याचे टोक ताशी 180 किलोमीटरच्या आसपास जाते. इतक्या वेगाचा सराव हलक्या वस्तूनेच होतो. जड मुद्गलाने खांद्याचा सांधा मोकळा राहतो, मुठीची पकड आणि धडाचे स्नायू तयार होतात आणि वजनाच्या वळणाची जाण येते. शिवाय गोल्फचा स्विंग एकाच बाजूचा असतो. त्यामुळे शरीरात येणारा असमतोल सावरायला दोन्ही हातांनी फिरवलेले मुद्गल उपयोगी पडते.

स्वातंत्र्यानंतर मुद्गल मागे पडले, त्यामागे व्यायामाच्या साधनांतला आणि वस्तीच्या रचनेतला बदल होता. शहरांत लोखंडी बारबेल, डंबेल आणि यंत्रे आली. छत्तीसगडमधले भिलाई हे या नव्या काळाचे शहर. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून तेथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या वसाहती ‘सेक्टर’ पद्धतीने आखल्या गेल्या, जयंती स्टेडियम आणि पंत स्टेडियम बांधली गेली. गावाच्या वेशीवर मारुतीच्या देवळाला लागून असणारी तालीम अशा आखीव नगरांच्या नकाशात सहसा नसते. भोवतालचा छत्तीसगड मात्र 1741 पासून 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेच्या कक्षेत होता, आणि नागपंचमीला आखाडा पुजून कुस्त्या लावण्याची चाल या मुलखातही आहे.

आज मुद्गल पुन्हा फिरू लागले आहे. परदेशांतल्या व्यायामशाळांत जड क्लब आणि गदा शिकवल्या जातात. पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी यांच्यासारखे भारतीय गोल्फपटू जगभर खेळतात, आणि या खेळात शरीराची तयारी हा सरावाचा अविभाज्य भाग झाला आहे. जास्त लांब चेंडू मारू पाहणाऱ्याने आधी हलके मुद्गल घ्यावे, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही बाजूंनी ते संथ फिरवायला शिकावे, आणि क्लबचा वेग वेगळ्या, हलक्या सरावाने वाढवावा. खांदा किंवा पाठ दुखावलेल्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय जड मुद्गलाला हात लावू नये.