कमरेशी धरलेला कॅमेरा

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळांची जुनी कपाटे उघडली जातात, तेव्हा हजेरीपटांच्या आणि इतिवृत्तांच्या जाड वह्यांबरोबर छायाचित्रेही बाहेर येतात. झेंडावंदन, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलनातील नाटक, निरोपसमारंभ असे त्यांचे विषय. साठ वर्षांपूर्वीच्या काळातील या कृष्णधवल छायाचित्रांपैकी पुष्कळांचा आकार आयताकृती नसून बरोबर चौरस असतो. हा आकार छायाचित्रकाराने हौसेने निवडलेला नसे. तो त्याच्या कॅमेऱ्याने ठरवून दिलेला असे. एकाखाली एक अशी दोन भिंगे असलेला, गळ्यात अडकवून कमरेशी धरायचा आणि मान खाली घालून ज्यात पाहायचे असा तो कॅमेरा. इंग्रजीत त्याला ‘ट्विन लेन्स रिफ्लेक्स’ म्हणत. लोकव्यवहारात तो ‘रोलीफ्लेक्स’ किंवा ‘याशिका’ या नावांनी ओळखला जाई. या जोडभिंगी कॅमेऱ्याने भारतीय छायाचित्रणाला स्टुडिओच्या पडद्यापुढून उचलून रस्त्यावर, बाजारात आणि शाळेच्या पटांगणात आणले. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्याच्या आधीचा काळ पाहावा लागतो.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा त्या संस्थेशी निकटचा संबंध होता आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रण करीत. त्याच दशकात उत्तरेकडे, अवधच्या नवाबांच्या लखनौत, अहमद अली खान यांनी या कलेत नाव मिळवले. ‘छोटे मियाँ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कलावंताने १८५७ पूर्वी शहरातील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची छायाचित्रे घेतली. पुढे त्यांपैकी कित्येक जण लखनौच्या वेढ्यात मरण पावले. त्यांचे चेहरे अल्बममध्ये राहिले, आणि चेहऱ्यांबरोबर नावेही नोंदली गेल्यामुळे आज ते कोण होते हे सांगता येते. त्यानंतर १८७४ मध्ये दरोगा अब्बास अली यांनी लखनौच्या वास्तूंची पन्नास छायाचित्रे असलेला अल्बम प्रसिद्ध केला. इमामबाडे, प्रासाद आणि दरवाजे यांचे ते भव्य दर्शन आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

त्याच लखनौत अमीनाबाद हा बाजार होता. नवाब अमजद अली शाह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४२ ते १८४७ या काळात, त्यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. चिकनचे कापड, बांगड्या, अत्तरे, पुस्तके, खाद्यपदार्थ आणि अरुंद गल्ल्यांतून सतत वाहणारी गर्दी हे त्याचे रूप. परंतु तत्कालीन छायाचित्रकारासाठी असा बाजार जवळजवळ अप्राप्य होता. काचेवर कलोडियनचा ओला लेप द्यायचा, लेप वाळण्याआधी काच कॅमेऱ्यात घालायची, तिपाईवरील कॅमेऱ्याचे झाकण काही सेकंद उघडे ठेवायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन चित्र धुवायचे, अशी ती पद्धत होती. त्या काही सेकंदांत इमारत स्थिर राही, पण चालणारा माणूस धूसर रेघ होऊन जाई किंवा चित्रातून पूर्णपणे नाहीसा होई. म्हणजे कॅमेऱ्यापुढे येऊन निश्चल बसण्याइतकी सवड, ऐपत आणि प्रतिष्ठा ज्याच्यापाशी होती, त्याचेच चित्र उमटे. घाईने सौदा करणारा अमीनाबादचा गिऱ्हाईक, हातगाडीवाला किंवा शाळेतून धावत सुटलेले मूल इतिहासाच्या त्या काचेवर टिकत नसे.

ही अडचण टप्प्याटप्प्याने दूर झाली. कोरड्या काचा आल्या, मग गुंडाळीची फिल्म आली. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये ‘१२०’ या क्रमांकाची फिल्म बाजारात आणली आणि हाच क्रमांक पुढे जोडभिंगी कॅमेऱ्याचा आधार ठरला. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हाइडेके यांनी १९२० मध्ये एक कारखाना काढला होता. त्या कारखान्याचा ‘रोलीफ्लेक्स’ १९२९ मध्ये जगापुढे आला. दोन भिंगांची कल्पना त्याआधीही होती, पण तसे कॅमेरे अवजड असत. रोलीफ्लेक्स एका हाताच्या तळव्यावर मावत असे. १९३२ च्या सुधारित नमुन्यात १२० क्रमांकाची फिल्म बसू लागली आणि एका फिल्मवर सहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची बारा चित्रे मिळू लागली. पुढच्याच वर्षी त्याचे स्वस्त भावंड ‘रोलीकॉर्ड’ आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या याशिका कंपनीने हाच घाट स्वीकारून तुलनेने कमी किमतीचे कॅमेरे काढले. १९५७ चा ‘याशिका-मॅट’ आणि १९७० चा ‘मॅट-१२४ जी’ हे त्यांतील विशेष लोकप्रिय ठरले.

या यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. वरचे भिंग केवळ पाहण्यासाठी असते. त्यातून आलेला प्रकाश आत पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर आदळून वरच्या दुधी काचेवर पडतो आणि तेथे दृश्य उमटते. खालच्या भिंगात शटर असते. चित्र घेते ते हे भिंग. दोन्ही भिंगे एकाच पट्टीवर बसवलेली असल्याने बाजूचे चक्र फिरवताच ती एकदम पुढे-मागे सरकतात. वर जे स्पष्ट दिसते तेच खाली फिल्मवर स्पष्ट उमटते. आरसा जागचा हलत नाही. त्यामुळे चित्र घेतले जाते त्या क्षणीही छायाचित्रकाराला समोरचे दृश्य दिसत राहते आणि शटरचा आवाज जेमतेम कुजबुजीएवढा होतो. या रचनेला मर्यादाही आहेत. दुधी काचेवर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते. डावीकडे धावणारा मुलगा उजवीकडे निघाल्याचा भास होतो आणि नवशिक्याचे हात गोंधळतात. अगदी जवळून चित्र घेताना दोन भिंगांच्या उंचीतील फरक जाणवतो आणि डोक्याचा वरचा भाग कापला जाण्याची भीती असते.

तथापि या कॅमेऱ्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या यांत्रिकतेपेक्षा तो धरण्याच्या पद्धतीत आहे. डोळ्याशी लावलेला कॅमेरा छायाचित्रकाराचा चेहरा झाकतो. समोरच्याला आपल्यावर काही रोखले गेल्यासारखे वाटते. कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात पाहणारा माणूस मात्र मान लववून उभा असतो. त्याची नजर समोरच्यावर नसते, त्याचा चेहरा झाकलेला नसतो आणि एकदा जुळवाजुळव झाली की तो वर पाहून बोलूही शकतो. शिवाय प्रौढाची कंबर ही साधारणपणे लहान मुलाच्या डोळ्यांची उंची असते. शाळेच्या जुन्या चौरस छायाचित्रांत मुले वरून पाहिल्यासारखी खुजी दिसत नाहीत, आपल्या पूर्ण उंचीने उभी असलेली दिसतात, त्याचे एक कारण हेच आहे.

बाजारातही हीच रीत उपयोगी पडली. कडक उन्हात १०० वेगाची फिल्म असेल, तर छिद्र ११ वर आणि शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवता येते. अंतर पाच मीटरवर बांधून घेतले की सुमारे सव्वातीन ते दहा मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. पुन्हा काही फिरवावे लागत नाही. अमीनाबादसारख्या गर्दीत उभे राहून योग्य क्षणाची वाट पाहायची आणि बोट दाबायचे, एवढेच काम उरते. जो माणूस १८७४ मध्ये काचेवर धूसर रेघ झाला असता, तो आता आपल्या टोपीसह, पिशवीसह आणि चेहऱ्यावरील भावासह फिल्मवर उमटू लागला.

या कॅमेऱ्याने कोणाला बळ दिले, याचे उत्तम उदाहरण मुंबईत घडले. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारीला, पारशी नाटकमंडळीत काम करणाऱ्या कलावंताच्या घरी झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले. सर जे. जे. कलाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून छायाचित्रण शिकल्या. पुढे दोघांचा विवाह झाला. सहलीला गेलेल्या स्त्रिया, कलाविद्यालयातील मैत्रिणी आणि मुंबईचे रोजचे रस्ते हे त्यांचे प्रारंभीचे विषय होते. त्या काळात त्यांची काही छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली, कारण स्त्री वृत्तछायाचित्रकार असू शकते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १९४२ मध्ये हे दांपत्य दिल्लीला गेले. तेथे साडी नेसलेल्या होमाईबाई सायकलवरून अवजड साहित्य वाहत सभा-समारंभांना जात. रोलीफ्लेक्स आणि मोठा स्पीड ग्राफिक हे त्यांचे कॅमेरे होते. सत्तांतराचा सोहळा, माउंटबॅटन यांचे प्रयाण, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरूंच्या अनेक भावमुद्रा त्यांनी टिपल्या. १९७० मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. देशाने पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला तो २०११ मध्ये, त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी. दुसऱ्याच्या नावाने छापली गेलेली चित्रे पुढे त्यांची म्हणून ओळखली गेली, कारण त्यांचे काम जपले गेले आणि त्याची कहाणी वेळीच नोंदवली गेली.

ज्या दशकात आज हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळा सुरू झाल्या, त्या दशकात परदेशी कॅमेरा मिळणे सोपे नव्हते. आयातीवर निर्बंध होते आणि परदेशातून परतणाऱ्या आप्ताकडे कॅमेऱ्याची मागणी केली जाई. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजार हे कॅमेऱ्याच्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे ठिकाण होते. फिल्मच्या बाबतीत स्वावलंबन यावे म्हणून सरकारने १९६० मध्ये उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला. त्याची ‘इंदू’ फिल्म खेडोपाडीच्या स्टुडिओंत पोहोचली. बारा चित्रांची फिल्म, ती धुण्याचा खर्च आणि कागदाचा खर्च पाहता एकही चित्र वाया घालवणे परवडत नसे. म्हणून छायाचित्रकार शिक्षकांना खुर्च्यांवर बसवी, मुलांना उंचीप्रमाणे उभे करी, दोनदा तीनदा तपासून पाही आणि मगच बटण दाबी. जुन्या समूहचित्रांतील गंभीर चेहऱ्यांमागे ही काटकसर आहे.

आज असा कॅमेरा घरात असेल तर त्याची निगा राखणे अवघड नाही. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. म्हणून तो चामडी पेटीत बंद न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या डब्यात ठेवावा. वर्षानुवर्षे न वापरलेले शटर मंद वेगावर अडखळते. महिन्यातून एकदा ते सर्व वेगांवर चालवावे. आरसा फडक्याने पुसू नये, कारण त्याचा मुलामा पुढच्या बाजूस असतो. १२० क्रमांकाची फिल्म आजही तयार होते आणि अनेक तरुण ती पुन्हा वापरू लागले आहेत.

खरा प्रश्न मात्र निगेटिव्हचा आहे. चौरस निगेटिव्हचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या साडेतीन पटींहून अधिक असते. तीत इतका तपशील साठलेला असतो की मागच्या रांगेतील मुलाच्या सदऱ्याची शिवणही मोजता यावी. पण ॲसिटेटची ही पट्टी उष्णतेत व दमटपणात कुजते, आकसते आणि तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. छायाचित्रकार कुलवंत रॉय यांची हकीकत या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५८ नंतर तीन वर्षे ते जगभर फिरले आणि घेतलेल्या निगेटिव्ह टपालाने मायदेशी पाठवत राहिले. परतल्यावर कळले की ती पाकिटे गहाळ झाली आहेत. त्यांनी दिल्लीतील कचऱ्याचे ढीग धुंडाळले, पण काही हाती लागले नाही. १९८४ मध्ये ते निवर्तले. त्यांचे उरलेले काम पेट्यांत पडून होते. आदित्य आर्य यांनी त्या पेट्या उघडून ते लोकांपुढे आणले, म्हणून स्वातंत्र्यकाळाचा एक मोठा ठेवा वाचला.

शाळेचा इतिहासही अशाच पेट्यांत असतो, आणि त्या पेट्या शाळेपेक्षा माजी विद्यार्थ्यांच्या घरी अधिक असतात. निगेटिव्ह सापडल्या तर त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात, त्यांची डिजिटल प्रत करावी आणि मूळ पट्टी मात्र टाकू नये. छायाचित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने वर्ष, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. नावे सांगू शकणारी पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. मागच्या रांगेत तिसरा उभा असलेला मुलगा कोण, पटांगण झाडणाऱ्या मावशींचे नाव काय होते, हे त्यांनाच ठाऊक आहे. लखनौच्या जुन्या अल्बममधील माणसे दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ओळखता येतात ती नावांमुळे. शाळेच्या चौरस छायाचित्रांतील मुलांनाही तेवढेच हवे आहे. आणि ते देण्यासाठी हे वर्ष पुढच्या वर्षापेक्षा अधिक सोयीचे आहे.